मुके

मिरचीच्या डेखाले आमच्याकडं मुका म्हणतात.
मुका या ढिगात, मिरची त्या ढिगात,
किलोवर पैसे.
बारा वर्षं झाली, भिवापूरच्या सातऱ्यावर
टिनाच्या खाली बसून
मी मुके तोडतो.

तोंड तर साऱ्याजनीचंच तापते,
पण त्या घरी जाऊन पाणी मारतात
अन् सकाळी आपापल्या रंगावर येतात.
माह्यं उतरलंच नाही औंदा.
संक्रांतीपासून शिमग्यापर्यंत
दोन्ही गाल अन् नाकाचा शेंडा
कोणी आत्ताच थापड मारून गेल्यासारखा.
पंचफुला म्हणे, लाजतं कोणाले?
किराणावाला म्हणे, मोहाची सवय लागली का बाई?
सासू म्हणे, राग मुरला आंगात.
तिचं थोडंसं खरं होतं.

पवनीच्या दवाखान्यात नवी डाक्टरीन आली,
तिनं भिंग लावून पाहिलं. म्हणाली, रोझेशिया.
म्हटलं, रोज येते म्हणून?
ती हसली. मलम लिहिलं, ऊन टाळा म्हणाली,
अन् मंग विचारलं:
पुस्तकलाबाई, तुम्ही खाता काय?

आता काय रांधलं, हे सारेच विचारतात.
काय खाता,
हे कोणी इचारलंच नव्हतं.
उरते ते, असं तोंडाशी आलं होतं.
भाकर अन् तर्री, म्हटलं.

ती म्हणे, साऱ्याइचं सारखं नसते,
तुमचं तुम्हीच शोधा, लिहून ठेवा.
तवापासून गुंजनच्या प्रयोगवहीची मागची पानं माही.
मी सांगतो, ती लिहिते,
गाल पाहून लाल पेनानं फुल्या मारते.

उकळता चहा, सकाळी. तीन फुल्या.
तोच चहा बशीत ठेवला, साय धरेपर्यंत. एक.
ठेचा. चार.
ठेचा, थोडासाच. चारच.
जवसाची चटणी बिनमिरचीची. काही नाही.
चवही नाही, हे मी सांगितलं,
तिनं लिहिलं नाही.
संत्रं तर मी भेवानं महिनाभर सोडलं होतं,
वास घेऊन परत टोपलीत ठेवो.
मंग एका दुपारी अर्धं खाऊन पाहिलं,
संध्याकाळपर्यंत आरशापुढं बसली.
काहीच नाही झालं!
त्या महिन्याचे संत्रे कोण देईन मले?
नणंदेच्या घरच्या बारशाले रस्सा होता, वरून तेल तरंगत होतं.
त्या रोजच्या फुल्या नाहीतच,
पोरीनं अख्खं पान रंगवलं.

आता फोडणी घालायच्या आधी
माह्या वाट्याचं वरण मी काढून ठेवतो.
मुगाचं, वरून जिरं, सांबार.
दुधी असला तर दुधी. थंडी आंबील. ताक.
पहिल्या दिवशी हात थबकला होता.
अठरा वर्षं गंजाच्या बुडाले जे राहीन ते माहं,
अन् आता सगळ्यात आधी
माही वाटी भरते.
सासूनं पाहिलं. काही बोलली नाही.
चौथ्या दिवशी म्हणे, मलेही घाल थोडं,
पोटात आग पडते माह्या, लय वर्षं झाली.

सातऱ्यावर मालक हसते,
मिरचीत बसून मिरची खात नाही म्हणे ही,
हलवायाच्या घरचा उपास.
मी डब्बा उघडतो. पांढरा भात, पिवळं वरण,
चारीकडं लाल डोंगर.
बोटं दुरूनच धरतो तोंडापासून,
चमचा आणला आहे गुंजनचा, स्टीलचा, लहानपणीचा.

गाल आता निवले आहे. गेलं नाही, निवलं आहे.
पंचफुला म्हणते, आता तू लाजत नाही, बाई.

काल पोरगी वही घेऊन बसली.
चहा थंडा, वरण साधं, काकडी,
रात्री आंबील.
म्हणे आई, आज तर सारं बरोबर खाल्लं,
मंग तीन फुल्या काहून?
बाहेर सव्वेचाळीस होतं.
मी म्हटलं, लिही.
काय लिहू, खाण्याच्या रकान्यात?
टिन, म्हटलं.
लिही, टिन.