ब्लॉक क्रमांक ११४७

अंबाजोगाईत मे महिन्यात मेण उभं राहत नाही.
पात्याखाली येण्याआधीच मऊ पडतं,
काप निघतो तो सुरकुतलेला.
मग शेषेराव स्टँडसमोरच्या रसवंतीतून
रुमालात बर्फाचा खडा आणायचे,
ब्लॉकवर दाबून धरायचे,
"मॅडम, उसाआधी आपला नंबर लागायलाय."
चार मायक्रॉन. त्याहून जाड कापलं
तर खरं दिसत नाही.
एवढंच मी ठामपणे सांगू शकते.

माझ्याकडे माणूस आला नाही, त्याचा तुकडा आला.
लोणच्याच्या बरणीत, खोबरेलाच्या बाटलीत,
एकदा परळीहून देशी दारूत बुडवून,
कारण वासावरून कुणीतरी ठरवलं होतं की औषध हेच.
नाव, वय, गाव, कुठून काढला.
खाली माझी सही.
वॉर्डात ती वाचून कुणी भिंतीला टेकत खाली बसलं असेल,
मी तेव्हा पुढची काच लावत होते.

शिकवायला आवडायचं.
पुस्तकात सगळं दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरातलं:
कॉफीच्या बीसारखं केंद्रक,
कसल्याशा माशाच्या सॉससारखा पू.
तो मासा आमच्यात कुणी पाहिला नव्हता.
म्हणायचे, चिंचेचा कोळ लिहा, मार्क मी देते.
केंद्रक गव्हाच्या दाण्यासारखं, मधोमध चीर.
साबुदाण्याची प्लीहा तेवढी
एकादशीमुळे सगळ्यांना लगेच कळायची.
गुटख्याच्या तोंडातल्या त्या गोल चकत्यांना
मोती म्हणतात.
तो शब्द मात्र मला बदलता आला नाही.

संशोधन म्हणाल तर एक वही.
त्यासाठी दर गुरुवारी खाली ओपीडीत बसले.
सहाशे बारा तोंडं, उघडतात किती ते बोटांत:
तीन, दोन, एक.
एका बोटात भाकरीचा घास जात नाही,
कालवून ओतावी लागते.
परदेशातल्या संपादकाने विचारलं, बोट कुणाचं?
रास्त प्रश्न.
माझं बोट पट्टीवर ठेवलं, आकडा कळवला.

आता ती काच.
यमुना लिंबाजी डोईफोडे, एक्केचाळीस, तालुका केज.
जीभ, डावी कड.
चौऱ्याण्णव साल, लाईट गेलेली,
खिडकीतलं ऊन आरशाने भिंगात घेत होते
आणि ऊन उतरत होतं.
लिहिलं: सौम्य.
चौदा महिन्यांनी त्याच नावाचा दुसरा तुकडा आला.
त्याला वाचायला भिंग लागत नव्हतं.

कुणी विचारलं नाही.
जुनी काच मीच काढली.
अगदी कोपऱ्यात पाच-सहा पेशी,
उंबरा ओलांडून आत आलेल्या.

तेव्हापासून दर वर्षीच्या पोरांना ती देते, न सांगता.
रंग विटतो, म्हणून शेषेराव अधूनमधून
त्याच ब्लॉकमधून नवा काप काढायचे,
हात आखडता घेऊन,
त्या पाच-सहाजणी संपतील की काय म्हणून.
पोरं लिहितात: सौम्य.
मग मी दुसरा रिपोर्ट पुढे ठेवते.
दोन्हीवर सही एकच.

परवा, निवृत्तीला नऊ दिवस असताना,
उदगीरची तस्नीम पटेल, एरवी तोंडातून शब्द न काढणारी,
काच सरकवत राहिली.
बाकीचे डबा खायला गेले.
दोन तोंडांच्या भिंगाला पलीकडून मी डोळा लावलेला.
डावीकडे. अजून डावीकडे.
थांबली.
"मॅडम, ह्या इथं काय करायल्यात?"

मला उत्तर देता येईना.
"लिही," म्हटलं,
"आधी नाव लिही, गाव लिही,
मग जे दिसायलंय ते."
शेषेरावांच्या जागी आलेला पोरगा
दारातून विचारत होता,
बर्फ आणू का, मेण बसायलंय.