पाठमोरा

दोन मिनिटं फक्त. मिसेस हॅलमनी बजावलं होतं,
सिनेमा नको, सिनेमाची नुसती सुरुवात.
भीती वाटली पाहिजे,
कशाची, ते कळता कामा नये.

आमचा खुनी ऐनवेळी गळाला.
म्हणजे फिनलेच्या आईनं त्याला सोडलं नाही
फेब्रुवारीत, अंधार पडल्यावर, गोदीकडे.
कॅमेरा कॉलेजचा, सोमवारी नऊला परत.
टिली विग लावून तयार,
ओठ हंबरच्या वाऱ्यानं आपोआप निळे,
तेवढाच मेकअप वाचला.

मग मी डॅडला फोन केला.

आला तो कोल्ड स्टोरेजमधली पाळी संपवून, तसाच,
अंगाला हॅडॉकचा वास, खिशात अर्धं सँडविच.
"मारायचंय कुणाला?"
कुणालाच नाही. नुसतं चालायचं तिच्या मागून.
चेहरा दिसणार नाही तुझा.
"हे एक बरं केलंस," म्हणाला.

पहिल्या टेकला टिलीला म्हणाला, जपून गं पोरी, निसरडंय.
खुनी असं बोलत नाही, मी खेकसले.
दुसऱ्याला हसू फुटलं त्याला.
तिसरा टेक समुद्रपक्ष्यांनी ओरडून ओरडून खाल्ला,
चौथ्यात एक व्हॅन आली, दिवे लावून,
ड्रायव्हरनं काच खाली केली: काय रे केव्हिन, बरा आहेस ना?
पाचव्यापर्यंत तो दमला होता.
आपल्याला कुणीतरी बघतंय हेच विसरला.
तो टेक ठेवला.

एडिटिंगच्या खोलीत दोन आठवडे मी आणि ती पाठ.
एका सेकंदाच्या पंचवीस चौकटी.
ट्रेमध्ये जाडं मीठ पसरून
टिलीची पावलं मी बुटांनी वाजवली,
घरच्या फ्रिजची घरघर रेकॉर्ड करून
खाली अंथरली, सबंध गल्लीभर.
सगळं खोटं, आणि सगळं चपखल.
फक्त खुन्याची पावलं बसेनात.
मी वाजवत होते एकसारखी, टप टप,
आणि तो तसा चालतच नव्हता.

डावा पाय ओढतो तो.
अकरा पावलं आहेत शॉटमध्ये,
सातव्याला हात भिंतीला टेकतो, जेमतेम,
चार चौकटी.
मला वाटलेलं अभिनय करतोय.
गेल्या वर्षी क्रेट निसटून पडला होता पायावर,
काही नाही गं, मुरगळलाय जरा, म्हणाला होता,
आणि मी तेव्हा फोनमधून मान वर केली होती की नव्हती
आठवत नाही.

समोरून किती पाहिलंय त्याला,
बटाटे सोलताना, बसचे पैसे मोजून देताना.
मागून पाहायची वेळच आली नव्हती.

वेग थोडा कमी केला मी. निळा रंग चढवला.
त्याचं लंगडणं भयंकर दिसायला लागलं,
चांगले गुण मिळतील इतकं.

वर्गात लावलं तेव्हा मागच्या बाकावरची खुसखुस थांबली.
हात दाराच्या मुठीवर, अंधार, आमची नावं.
मिसेस हॅलमनी विचारलं, ती चाल, ती कुणाची कल्पना?
अहवालात त्यासाठी तीन ओळींची जागा होती.
मी लिहिलं: खुन्याला किंचित लंगडा दाखवण्याचा निर्णय
गटानं विचारपूर्वक घेतला.
टिलीनं वाचलं, सही केली, माझ्याकडे बघितलं नाही.

घरी त्याला फोनवर दाखवलं, ओट्यापाशी.
चष्मा शोधण्यात त्याची पहिली चाळीस सेकंदं गेली,
म्हणून परत लावलं.
"कोट बरा दिसतोय की," एवढंच.
मग, "आवाज फार मोठाय गं पावलांचा."
कप विसळून पालथा घातला, दिवा मालवला माझ्या डोक्यावरचा,
मी अजून तिथेच बसलेय हे न बघता,
आणि जिना चढायला लागला.

मी मोजत होते.
सातव्या पायरीला भिंतीवर हात घासल्याचा आवाज,
मग पुढचं पाऊल यायला
फारच वेळ लागला.

मग वर नळ सुटला. गार पाण्याचा असणार.
गरम पाणी तो सकाळी माझ्यासाठी ठेवतो.