पडताळणी

खोकं आलं तेव्हा दुकानात
मिरचीवाल्याचा काटा पोट उघडून पडला होता.
हात पुसले, टेप फाडली:
चार जांभळ्या स्प्रिंगा,
आणि बाहेरून आटे पाडलेल्या चार नळ्या.
कॉलर एक फेरा फिरवली की गाडी दोन मिलिमीटर खाली,
उलटी फिरवली की वर.

वीस वर्षं मी धुळ्यात काटे दुरुस्त करतो.
स्प्रिंग खोटं बोलायला कशी लागते, मला ठाऊक आहे.
एकदम नाही. आधी पाच ग्रॅम, मग दहा,
मग गिऱ्हाइकालाच वाटतं आपली पिशवी जड.
माझी गाडीही लळिंगच्या वळणावर
जेवण झालेल्या पाहुण्यासारखी
अंग टाकायला लागली होती.
सेकंडहँड सेडान, टर्बो, सीटांना लाल शिवण.
लोक म्हणाले, काटेवाल्याला कशाला एवढी गाडी?

चाळीसगाव रोडला सुपडू मिस्त्रीने
खोक्यात बराच वेळ पाहिलं.
"कितली खाले लेऊ?"
"तीस."
"आठला रस्ता माहीत शे ना तुले?"
"पंचवीस."
तो गप्प. विडीची राख झाडली.
"वीस," मी म्हणालो.
स्वतःशीच घासाघीस करून
स्वतःच हरलेलं ते पहिलंच गिऱ्हाईक असावं त्याचं.

एक बोल्ट गंजून बसलेला. घासलेट, हातोडा, पुन्हा घासलेट.
शेवटी तो तुटलाच
आणि सुपडूने बोल्टच्या आईची आठवण काढली.

दिवेलागणीला मी माझे चार प्लॅटफॉर्म काटे आणले,
याच मार्चचा शिक्का असलेले,
प्रत्येक चाकाखाली एक.
गल्लीतली पोरं जमली. गाडी तोलताना
त्यांनी कधी पाहिली नव्हती, सुपडूनेही नाही.
"बस," तो म्हणाला. मी आत बसलो.
चारी आकडे हलले.
"आनि बाजूले कोन बसस?"

दुकानातून वीस-वीसची तीन लोखंडी वजनं आणली,
वर दोन किलोचं एक,
डाव्या सीटवर मांडली, पट्टा लावला.
बासष्ट. आकडा तोंडपाठ होता:
लग्नानंतरच्या आठवड्यात प्रमिला डबा घेऊन दुकानात आली
आणि मी म्हटलं, उभी राहा बघू जरा यावर.
डब्याचा धडा करायला मी विसरलो नव्हतो.

मग सुपडूचा आकडी पाना, अर्धा फेरा, पाव फेरा,
मी आतून ओरडायचो, पुढचं उजवं किती?
पोरं आकडे वाचायची, चुकीचे, मग बरोबर.
रात्री साडेनऊला तिरप्या जोड्या जुळल्या,
आणि गाडी अशी उभी राहिली
जसा रिकामा तराजू उभा राहतो,
कुणाचीच बाजू न घेता.

रविवारी प्रमिला आत बसली.
"विहिरीत उतरल्यासारखं वाटतंय."
लळिंगच्या वळणावर मी ब्रेकला पाय लावला नाही.
गाडी कलली नाही. तिने मात्र
दारावरचं हँडल घट्ट धरलं होतं.
चहाच्या टपरीवर मी सगळं सांगितलं,
वजनं, पट्टा, बासष्ट.
ती इतकी हसली की चहा साडीवर सांडला.
"दर मार्चला अख्ख्या धुळ्याच्या काट्यांची
पडताळणी करून आणता," ती म्हणाली,
"आणि माझी अकरा वर्षं राहिली.
एकाहत्तर आहे मी आता."

घराशी आलो. म्हटलं, उतरू नको, बसून राहा.
पट्टी घेऊन आधी उजवीकडे वाकलो, मग डावीकडे.
डावी बाजू दोन मिलिमीटर खाली.
एका फेऱ्याचं काम. पाना हातातच होता,
आणि फरसबंदीवर गुडघा टेकून
मी बराच वेळ तो आकडा बघत राहिलो.

काचेतून तिने डोकं बाहेर काढलं.
"काय, जमलं का?"
"जमलं," मी म्हणालो,
आणि पाना डिकीत टाकून दिला.