अकरा मिनिटं

लॅकावाना गावच्या बर्फगाड्यांचं गॅरेज.
फ्रिजवर एका चुंबकाखाली कागद:
प्लेऑफचे चार सामने, नऊ नावं, अक्षर माझं.
माणशी पाच डॉलर, कॉफीच्या डब्यात.
चुंबक ज्या पिझ्झावाल्याचं,
त्याचं दुकान बंद पडून सहा वर्षं झाली.

लेशेकचं भाकीत आकड्यांतून येतं.
तिसऱ्या डाऊनला किती यार्ड, थंडीत किती,
परक्या मैदानावर किती.
पेन्सिल कानामागे, आणि 'शक्यता' हा शब्द तोंडात
पेपरमिंटच्या गोळीसारखा या गालातून त्या गालात.

नागी अल्मुंतसर गुडघ्याला विचारतो.
गुडघा ठणकला की ईरी तलावावरून वारा,
वारा म्हणजे चेंडू भरकटणार,
म्हणजे गुण कमी, म्हणजे बचाव जिंकवणार,
म्हणजे आपण.
त्याचे वडील इथल्या पोलाद कारखान्यात भट्टीवर होते.
'हा कारखाना कधी बंद पडायचा नाही'
असं त्यांनी येमेनला पत्रातून कळवलं होतं.
ते पत्र परत फिरून नागीकडे आलंय.
दाखवतो कधीमधी. हसत.

डेलमार नवा पोरगा, खेळ कळत नाही.
सगळे बघताहेत म्हणून त्याने लिहिलं: तेवीस-वीस.
"कुठून आणलंस?"
"लॉकर तेवीस नंबरचा. आणि वय वीस."
कोणाचे तेवीस, ते लिहायचं राहूनच गेलं.

मी सव्वीस वर्षं आपलीच टीम लिहिते, प्रत्येक खेपेला.
लेशेक म्हणतो, बर्नडीन,
याला भाकीत म्हणत नाहीत, नवस म्हणतात.

घोडामैदान आलं रविवारी,
आणि त्याच्या आधी दोन तास बर्फ आलं.
आठही गाड्या रस्त्यावर.
गाड्यांतले रेडिओ काढून टाकलेत गेल्या वर्षीपासून
(एका टचडाऊनच्या भरात कुणीतरी
अख्खा दिव्याचा खांब आडवा केला होता),
फोन लॉकरमध्ये.
म्हणून सामना एकटा माझ्या टेबलावर,
जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये, खरखरत.
मी बटण दाबायची आणि सांगायची:
सात-शून्य. सात-दहा.
ॲबट रोडला झाड पडलंय. सतरा-सतरा.
चार नंबर, तुझी मागची बत्ती गेलीय. वीस-वीस.

"तीन सेकंद," मी म्हणाले, आणि बटण सोडलं.

किकर पुढे आला. कोणाचा, ते आत्ता नको.
शेहेचाळीस यार्ड, वारा तिरपा.
समालोचक गप्प झाला, मग लोक,
मग चेंडू खांबांच्या मधून गेला
आणि ट्रान्झिस्टरमध्ये काहीतरी फुटल्यासारखं झालं.

तेवीस-वीस.
बोलाफुलाला गाठ पडली,
आणि गाठ एकट्या माझ्या हातात.

मी बटणावर बोट ठेवलं. दाबलं नाही.
भिंतीवरच्या नकाशात आठ हिरवे ठिपके सरकत होते.
पुलाखाली लेशेक, त्याचे रकाने अजून शाबूत.
तलावाकाठी नागी, त्याचा गुडघा अजून खरा.
पत्रातला कारखानाही, म्हटलं तर,
अजून धूर सोडत असेल कुठेतरी.
खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं,
आणि न दिसण्यात आठही जण बरोबर होते.

अकरा मिनिटं. घड्याळात पाहिली मी.
कुणी विचारलं नाही.
विचारलं की कळेल, हे सगळ्यांनाच माहीत असावं.

मग डेलमारचा आवाज, जरा कापरा:
"बर्नडीन? तेवीस झाले का?
कोणाचे?"

मी बटण दाबलं.
"रिज रोडच्या पुलावर आधी मीठ टाक," म्हणाले,
"मग सांगते."