तूप

आमच्याकडे रिक्षाला बजाज म्हणतात.
माझी निळी. हॉर्न मध्येच रुसतो.
आणि हररला आम्ही हरर म्हणत नाही,
गेय म्हणतो. म्हणजे शहर. नुसतं शहर,
जगात दुसरं नसल्यासारखं.

रुमाना टोरांटोहून आली
तेव्हा तिच्याकडे आईच्या हातची यादी होती:
अवलियांची सदतीस नावं, हिरव्या शाईत.
आईचे गुडघे गेले होते,
म्हणून लेकीचे पाठवले होते.

तीन दिवस आम्ही पाच वेशींतून आत-बाहेर केलं.
एक अवलिया निघाला शिंप्याच्या दुकानात,
मशीनखाली, हिरवं फडकं पांघरून.
शिंपी म्हणाला, पाय जरा हळूच मारतो मी.
एक गोदामाखाली गेला होता;
तिने शटरला हात लावला, हात डोळ्यांना लावला.
एकाचं नुसतं झाड होतं, उंबराच्या जातीचं.
एकाचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता.
एक म्हातारा म्हणाला, तो फिरता आहे,
तुम्हीच एका जागी थांबा.
थांबलो. चहा घेतला.
उठताना तिने त्या नावापुढे खूण केली.

सदतिसावा भिंतीबाहेर, टेकडीवर,
आशुराच्या रात्रीसाठी राखून ठेवलेला.
तिथली राखणदारीण आय मरदिया
कबरीला चुना देते
आणि तोच चुना नखांत घेऊन झोपते.

त्या रात्री तिथं तरसांना लापशी वाढतात.
कुठल्याशा दुष्काळात बोलणं झालं होतं म्हणे:
आम्ही तुमच्या पोटाचं बघू, तुम्ही आमची पोरं सोडा.
भिंतीत त्यांच्यासाठी भोकं ठेवलीयत.
रात्री येतात, हाडं उचलतात, कुणाला न उठवता जातात.
आशुराला त्यांच्या म्होरकीने
अर्ध्याहून जरा जास्त खाल्लं, तर वर्ष बरं.
परात चाटूनपुसून नेली, तर उपासमार.
तोंडच लावलं नाही,
तर त्याबद्दल घरात बोलत नाहीत.

तुपाचे पैसे रुमानाने माझ्याकडे दिले होते.
"गाईचंच. आईने बजावलंय."
बाजारात गेलो. तूप महाग होतं,
आणि माझं मागचं चाक झालं होतं टकलासारखं.
मी वनस्पतीचा पिवळा डबा घेतला.
आणि टायर.
तोही निम्मा उधारीवर.
हे मुद्दाम सांगतोय,
सांगितलं की जरा बरं वाटतं.

मग रात्र. आधी वास आला, मग डोळे.
म्होरकी पुढे झाली, एका कानाचा तुकडा गेलेली.
हुंगलं तिने. एक पाऊल मागे घेतलं.
बसली.
चाळीस माणसांत कुणी खोकलंसुद्धा नाही.

आय मरदियाने परातीत बोट बुडवून चाखलं.
रुमानाकडे बघितलं नाही.
माझ्याकडेही नाही.
खाली बघितलं, जिथं माझी बजाज उभी होती.

मग आत गेली आणि एक काळा भोपळा घेऊन आली,
एवढासा, ओंजळीत मावेल असा.
त्यात तिचं केसांचं लोणी,
लवंग घातलेलं, ईदसाठी जपलेलं.
सगळं ओतलं. भोपळा उलटा करून झटकला.
लापशीला एखाद्या बाईच्या मानेसारखा वास सुटला.

म्होरकी उठली.

रुमानाने आईला फोन लावला
आणि काहीच न बोलता तो अंधाराकडे धरला:
मचमच, मचमच,
पलीकडे टोरांटोत कुणीतरी रडत होतं किंवा हसत होतं.

अर्ध्याहून जरा जास्त.
आय मरदियाने काठी घालून मोजलं.
उरलेलं आम्ही खाल्लं. मला दोन घास मोठे वाढले.

टायर अजून पंक्चर झालेला नाही.
दोन वर्षं त्याची वाट बघतोय.
दर ईदेआधी टेकडीवर जातो,
लोण्याची बाटली पुढे करतो. गाईचं.
आय मरदिया टोपण काढते,
आधी हुंगते.
मग घेते.