पाच गुणांचा देश

पेवेकर बाईंनी फळ्यावर लिहिलं :
एका लहान देशाची ओळख करून द्या.
क्षेत्रफळ, मुख्य पीक, राज्यपद्धती, लोकसंख्या. गुण पाच.
बाणकोटच्या शाळेत आम्ही तेवीस जणं,
नऊ जणांचे बाप परदेशात,
सातांचे वाळवंटात, एकाचा जहाजावर,
माझा तेवढा पावसाच्या देशात, ब्रुनेईला.

तोही त्या वर्षी कायमचा परत आलेला.
पडवीत बसून सुपारी कातरायचा
आणि कुणी बोलावलं की एकदम उभा राहायचा.

केवढा देश, अब्बा?
म्हणाले, सिंधुदुर्गाहून जरासा मोठा,
आणि मधोमध तुटलेला.
या तुकड्यातून त्या तुकड्यात जायचं
तर वाटेत परका मुलूख, पासपोर्टावर शिक्क्यावर शिक्के.
आता पूल झालाय म्हणे, समुद्रावरून, लांबच्या लांब.
एवढं बोलून खाडीकडे बघत बसले.
आमच्या पुलाचे खांब पाण्यात नुसतेच उभे,
वर बगळे,
खालून वेसवीची फेरीबोट.

बाकी सगळं आपल्यासारखंच, म्हणाले,
माड, खाजण, फणसाचा चुलतभाऊ,
पाण्यात खांब रोवून वसवलेलं अख्खं गाव,
सुकत घातलेल्या मासळीचा वास.
फक्त जमिनीखाली त्यांचं नशीब वेगळं.

मुख्य पीक?
मान हलवणं.
थट्टा नको, अब्बा, वहीत लिहायचंय.
अगं खरंच. सेरियाला किनाऱ्यालगत,
घरांच्या मागे, रस्त्याच्या कडेला,
लोखंडाचे बैल उभे असतात,
घाण्याचेच, पण जागचे हलत नाहीत.
नुसती मान खाली, मान वर,
हो म्हणतात, हो म्हणतात, रात्रीसुद्धा हो म्हणतात,
आणि तेल वर येतं.
मी एकोणीस वर्षं त्यांच्या मानेला वंगण घातलं.
खारा वारा लोखंड खातो,
तिथे काय, इथे काय.

राज्यपद्धती : राजा.
अब्बांनी त्याला नोटेवर पाहिलेला, रोज नाही, पगाराला.
ईदला राजवाडा उघडतो, कुणीही जावं, जेवावं.
अब्बा एकदा गेले, खोलीतल्या फिलिपिनो जोडीदाराचे बूट घालून,
चार तास रांगेत.
बूट एक नंबर लहान होते, हे त्यांना नीट आठवतं,
जेवणात काय होतं ते नाही.
निघताना केकचा पिवळा डबा मिळाला.
अम्मी त्यात रेशनकार्ड ठेवते,
वीजबिलं, आणि अब्बांचं जुनं ओळखपत्र,
ज्यावर 'हुर्जुक'चं 'हाजुक' झालंय.
दुरुस्त करायला अर्ज करावा लागला असता,
मग एकोणीस वर्षं हाजुकच राहिले.

इन्कमटॅक्स नाही तिथे. दारूचं दुकान नाही.
शुक्रवारी नमाजाच्या वेळी सगळं शटर खाली.
दवाखाना एका डॉलरात.
तुम्हालाही?
अब्बांनी बशीतला चहा फुंकला.
तो कधीच निवला होता.

लोकसंख्या मी मोबाइलवर शोधली :
साडेचार लाख.
विचारलं, यात तुम्ही धरलेले का?
सुपारी अडकित्त्यात तशीच राहिली.
मोजत असतील, म्हणाले.
खाणावळवाला मोजायचा. कॅम्पच्या फाटकावरचा गुरखा मोजायचा.
विमानात बसवताना तर दोनदा मोजलं.

रात्री शेजारच्या वाडीतला पंप बंद पडला
तेव्हा अब्बा बॅटरी घेऊन निघाले होते.
लुंगी, उघडे पाय, हातात ग्रीसचा डबा.
अम्मी म्हणाली, अहो, तो इरफानचा पंप आहे, आपला नाही.
ते म्हणाले, माझा कुठला होता?
आणि गेले.

वही परत आली. पाचापैकी तीन.
'मान हलवणं' लाल शाईने खोडलेलं,
बाजूला बाईंनी लिहिलं होतं : खनिज तेल.
आणि जिथे मी लिहिलं होतं
चार लाख पन्नास हजार एक,
तिथे शेवटच्या 'एक'भोवती वर्तुळ, प्रश्नचिन्ह.

अब्बांनी वही हातात घेतली,
चष्मा नव्हता, म्हणून लांब धरली,
बराच वेळ.
म्हणाले, क्षेत्रफळ बरोबर आहे.