तूर्तास

नावं ठेवणं हे माझं काम आहे
आणि त्याचा मला पगार मिळतो.

कोशित्सेत, तिसऱ्या मजल्यावर,
ट्राम वळली की जिथली काच थरथरते
तिथे बसून मी अनोळखी फाइली उघडते.
काही सरळसरळ विष असतात. त्यांचं सोपं.
नंबर द्यायचा, पुरायचं, चहा प्यायचा.

आजची मात्र सव्वा एमबीची, सालस.
विसरलेले पासवर्ड शोधून देते, बस.
लपत नाही, परस्पर कुणाशी बोलत नाही,
बनवणाऱ्याचं नावसुद्धा उघडं:
सेवेरिन ग्रोझावु, याश, रोमानिया.
सोबत चिठ्ठी. बायको गेली,
तिचा लॅपटॉप मिटलेलाच राहिला, म्हणून लिहिली ही.
चार वर्षांत एक तक्रार नाही.
तुम्ही हिला चोर का म्हणता?

चोर नाही म्हणत, सेवेरिन.
आमच्याकडे तिसरा रकाना आहे.
कारण गेल्या मंगळवारी हीच फाइल,
बिट न् बिट हीच,
ओस्त्रावातल्या एका दवाखान्याच्या हिशेबखात्यात सापडली,
रात्री अडीचला,
खुर्चीत कुणीच नसताना.

लहानपणी आमच्या इमारतीत बोहुश राहायचा, कुलपं उघडणारा.
कुणाचंही दार लागलं की हाक त्याला,
आणि गल्लीत चोरी झाली की पोलीसही आधी त्याच्याच दारात.
तो चिडायचा नाही.
हत्यारांची पिशवी टेबलावर ओतायचा,
आकडे, पट्ट्या, सायकलची वाकवलेली तार.
पोलीस मोजायचे, वहीत लिहायचे:
तूर्तास काही नाही.
त्या एका शब्दाखाली
तो म्हातारा झाला.

मी टाइप करते, संभाव्य असुरक्षित.
खाली आमचं ठरलेलं वाक्य:
हे साधन वैध आहे, पण त्याचा गैरवापर होऊ शकतो. ठेवायचं का?
‘वैध’ आधी की ‘गैरवापर’ आधी
यावर बैठकीत पाऊण तास गेला होता.
मी ‘वैध’च्या बाजूने होते.
सेटिंगमधला चौकोन मुळात रिकामाच असतो,
ज्याला भीती वाटते त्याने खूण करावी.
आईच्या कंप्यूटरवर खूण मीच केली होती,
केव्हातरी, तिच्या काळजीने.

रविवारी तिच्याकडे गेले.
ती पासवर्ड विसरली आहे,
आणि विसरली आहे हेही.
फोटो, बँक, बहिणीची पत्रं, सगळं आत.
मी सेवेरिनची फाइल सोबत नेली होती,
कुणाला न सांगता.
पडद्यावर पिवळा त्रिकोण आला
आणि माझंच वाक्य.

आईने चष्मा चढवून बोट ठेवत वाचलं,
शाळेतल्या मुलीसारखं, ‘पण’वर अडखळत.
“कोण विचारतंय गं हे?”

मसुराचं सूप उतू चाललं होतं, मी उठले.
परत आले तर पडदा कोरा.
तिने काहीतरी दाबलं होतं.
काय, ते तिला आठवेना.